खालून आलेली ओ

ऑफिसात त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे. उलट कुणी नवखा त्याला नावाने हाक मारायला लागला की हाच म्हणायचा, कशाला उगाच लांबण लावता, भोंगा म्हणा. नगरपालिकेत शिपाई म्हणून चिकटला तेव्हा पंचविशीत होता, आता निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. एवढ्या काळात त्याने फायली वाहिल्या, साहेबांच्या खुर्च्या पुसल्या, पाण्याचे ग्लास नेले-आणले. पण त्याची खरी कमाई म्हणजे गळा. देवाने बाकी सगळ्या बाबतीत हात आखडता घेतला आणि उरलंसुरलं सगळं याच्या गळ्यात ओतलं, असं त्याची बायको म्हणायची. जेवताना त्याने मीठ मागितलं तरी शेजारच्या घरात कळायचं, आज यांच्या भाजीत मीठ कमी आहे.

दिव्यांग मदत विभागात त्याची बदली झाली ती या गळ्यामुळेच. हा विभाग होता तिसऱ्या मजल्यावर. ज्यांचे पाय चालत नाहीत, डोळे दिसत नाहीत, अशांसाठीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर ठेवायची अक्कल कुणाची, ते शोधून सापडणार नाही. ज्याने त्याने ती आधीच्या साहेबांवर ढकलली आहे. दारावरच्या पाटीवरचा शब्द दोनदा बदलला, जिना तोच राहिला. लिफ्टसाठी जिन्याच्या मधोमध चौकोनी पोकळी मात्र इमारत बांधतानाच सोडली होती. लिफ्ट काही आली नाही. येईपर्यंत जागा फुकट कशाला घालवायची म्हणून त्या पोकळीच्या तळाशी पाण्याची मोटर बसवली. वरची टाकी गळकी, त्यामुळे मोटर दिवसभर चालायची आणि तिची घरघर तिन्ही मजल्यांवर मुरलेली असायची. नव्या माणसाचं पहिले दोन दिवस डोकं दुखायचं, मग तिचं भान जायचं.

वर्षातून एकदा या विभागात पडताळणी असे. ज्यांना नगरपालिकेची मदत मिळते त्यांनी आपण जिवंत आहोत हे स्वतः येऊन दाखवायचं. पद्धत ठरलेली होती. भोंगा तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी उभा राहून त्या पोकळीत एकेक नाव पुकारायचा, तीन वेळा. माणूस वर येऊन कारकून बाईंच्या टेबलासमोर उभा राहिला की सही नाहीतर अंगठा. तिसऱ्या हाकेनंतर दहा मिनिटं वाट बघायची, नाहीच आला तर नावापुढे लाल फुली. लागोपाठ दोन वर्षं फुली पडली की नावावर आडवी रेघ आणि शेजारी बाईंच्या टपोऱ्या अक्षरांत तीन शब्द: मयत समजून कमी.

बाई काही दुष्ट नव्हत्या. धापा टाकत वर आलेल्याला त्या आधी स्टुलावर बसवत, स्वतःच्या बाटलीतलं पाणी देत, मग सही मागत. लाल पेन हातात घेताना त्यांचा चेहरा पडायचा. "गेलं बिचारं," म्हणायच्या आणि फुली मारायच्या.

पूर्वी लोक आपल्या माणसाला खुर्चीसकट उचलून वर आणत. एकदा दुसऱ्या वळणावर एकाचा पाय घसरला आणि खुर्ची, माणूस, उचलणारे दोघे असे सगळे खाली गेले. तेव्हापासून उचलून आणायला बंदी झाली आणि जिन्याच्या तोंडाशी साखळी लावून एक रखवालदार बसवला. ज्याचं नाव पुकारलं तोच वर, बाकी कुणी नाही. मग ज्यांना चढताच येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न वर कुणाला पडला नाही असं नाही. पडला, आणि खाली काहीतरी सोय केली असेलच, असं म्हणून सगळ्यांनी तो सोडून दिला. भोंग्यानेही.

आता त्या आवाजाचं सांगायला हवं. साखळी लागली त्याच्या पुढच्या वर्षापासून तो येऊ लागला. भोंग्याची तिसरी हाक पोकळीत उतरून विरली की कधीकधी तळातून, मोटरच्या घरघरीतून काहीतरी उलट वर यायचं. ओऽऽ असं. माणसाचं म्हणावं तर माणसाचं नाही, यंत्राचं म्हणावं तर तसंही नाही. प्रत्येक नावाला येत नसे. दहा नावांना काही नाही, अकराव्याला ओऽऽ. पहिल्यांदा बाईंच्या हातातलं पेन खाली पडलं होतं.

पुढे कुणीतरी हिशेब जुळवला आणि तो जुळवला नसता तर बरं झालं असतं. ज्या नावाला जिना ओ देतो, ते नाव त्याच वर्षी, फार तर पुढच्या वर्षी, कमी होतं. एकदाही चुकलं नव्हतं. झाडणारी बाई तेव्हापासून मधला मजला एकटी झाडेना. डबा खायला कठड्याशी बसणारे आत सरकले. भोंगा वरवर थट्टा करायचा की भूत असलं तरी बिचारं ओ तरी देतं, आपले साहेब तेवढीही देत नाहीत. पण हाक मारून झाली की तो कठड्यापासून दोन पावलं मागे यायचा, हे बाईंनी पाहिलं होतं.

आणि मेलेल्यांची पत्रं येत. हे तर त्याहून वाईट होतं. रेघ मारून चार-सहा महिने झाले की त्या नावाने अर्ज यायचा: मी जिवंत आहे, माझी मदत का बंद झाली. खालच्या टपालखिडकीतून तो वर येई. बाई पहिली ओळ वाचत, रजिस्टर बघत, आणि अर्ज पालथा घालत. मयताच्या अर्जावर कारवाई करता येत नाही. घरातलेच कुणी मेलेल्याच्या नावाने लिहीत असणार, असं साहेबांचं मत. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात म्हणाले. बाई सगळे अर्ज एका फडक्यात बांधून कपाटाच्या तळाशी ठेवत. घरी न्यायला नको आणि फाडायला हात होईना.

भोंग्याला एक मोठी बहीण होती. आई गेली तेव्हा हा पाच वर्षांचा आणि ताई चौदाची. तिनेच त्याला न्हाऊ-माखू घातलं, पाटीवर हात धरून अक्षरं गिरवून घेतली, शिवणयंत्रावर लोकांचे कपडे शिवून शिकवलं. त्याला ही नोकरी लागली त्या दिवशी ताईने त्याचा शर्ट स्वतः शिवला होता आणि खिसा चुकून उजवीकडे लावला होता. त्याने तो तसाच घातला. पुढे ताईला साखरेचा आजार जडला. आधी एका पायाची जखम भरेना, मग तो पाय गेला आणि दोन वर्षांत दुसराही.

दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी हा दवाखान्यात गेला होता. ताईच्या मुलीला, आपल्या भाचीला, बाहेर व्हरांड्यात बाजूला घेऊन त्याने हळूच सांगितलं की तुझी नोकरी, तुझं घर, तुला एकटीला हे झेपायचं नाही, हिला कुठेतरी ठेवायची सोय बघ. हळूच म्हणजे त्याच्या मते हळूच. आतून खाटेवरून ताईचा आवाज आला, "त्याला सांग, मी अजून इथेच आहे. मला ऐकू येतं."

तो आत गेलाच नाही. तोंड दाखवायला जागा नव्हती, म्हणून त्याने रागाचा आव आणला. मी तिच्या भल्याचंच बोललो, असं बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, जाऊन पाय धरा. तो म्हणाला, बघू. आता ज्या बाईला पायच उरले नाहीत तिचे पाय धरा, हे बोलणं बायकोच्याही उशिरा लक्षात आलं. बघू बघू म्हणता वर्ष उलटलं.

त्या वर्षीच्या यादीत ताईचं नाव आलं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावा-आडनावासकट. कठड्याशी उभं राहून त्याने ते पुकारलं तेव्हा छातीत थोडं हललं, पण गळा काही हलला नाही. तीन हाका झाल्या. तळातून आलं, ओऽऽ.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, हे त्याला कळलं. दहा मिनिटं गेली. टेबलासमोर कुणी आलं नाही. तो स्वतःशीच म्हणाला, मी इथे आहे म्हणून आली नसेल, मानी आहे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच नाव, पुन्हा तीन हाका, पुन्हा तळातून ते घोगरं काहीतरी, यावेळी जास्त लांब आणि जास्त ओढलेलं. बाईंनी डोळे न उचलता रेघ मारली. तिच्याशेजारी तीन शब्द लिहिले.

घरी जाऊन तो बायकोला म्हणाला, ताई गेली.

"कुणी सांगितलं?"

"रजिस्टरात आलं."

बायको हातातलं काम टाकून उभी राहिली. जाऊन तर या, म्हणाली, अर्ध्या तासाचा रस्ता. पण त्याचं एकच म्हणणं. खाली सोय आहे, ती आली असती तर फुली पडली नसती. रजिस्टर खोटं बोलत नाही. आणि गेली ती गेली, पण भाचीने सख्ख्या मामाला कळवलंसुद्धा नाही! आता त्या दारात जाऊन मी काय अपमान करून घेऊ? यात दुःख किती आणि फुगलेला अहंकार किती, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आठ दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही, हे मात्र खरं. नंतर लागलं.

हे झालं गेल्या वर्षीचं. या वर्षीची पडताळणी शेवटची होती. दुसऱ्या दिवशी रजिस्टर बंद करून सगळी नावं कॉम्प्युटरात जायची होती. साहेबांनी बजावून सांगितलं होतं की आज काय ते बघून घ्या, कॉम्प्युटरात मेलेला माणूस पुन्हा उठवायची सोय नाही. म्हणून बाईंनी सकाळी भोंग्याला कपाटातून जुनी रजिस्टरं काढायला सांगितली. ती ओढताना फडक्याची गाठ सुटली आणि मेलेल्यांचे अर्ज त्याच्या पायांवर पडले.

तो ते गोळा करायला वाकला. एक कागद उचलला तर बोटांना मागच्या बाजूने अक्षरं लागली, इतकं दाबून लिहिलं होतं. तसं लिहिणारं एकच माणूस त्याला माहीत होतं. पाटीवर पेन्सिल दाबू नकोस, असं त्याला सांगणारी आणि स्वतः मात्र पेनची निबं मोडणारी.

उलटून पाहायला त्याला किती वेळ लागला कुणास ठाऊक. तारीख रेघेच्या नंतरची होती, पाच महिन्यांनंतरची. चारच ओळी होत्या. मी जिवंत आहे. दोन्ही वर्षी मी हजर होते आणि नाव पुकारल्यावर ओ दिली होती. ती नोंदली गेली नाही असं दिसतं. पुकारणाऱ्याला विचारावे, तो माझा आवाज ओळखतो.

मेलेलं माणूस पत्र लिहीत नाही हे त्याला कळत होतं. पण जिवंत माणूस हजर होतं तर ते टेबलासमोर का नव्हतं, हे कळत नव्हतं, आणि या दोन गोष्टींच्या मधली जी जागा होती तिच्यात डोकवायची त्याची छाती होईना. पुन्हा पुन्हा शेवटची ओळ वाचली. मग कुणीतरी आपल्या मानेशी उभं आहे असं वाटून त्याने वळून पाहिलं. बाईच होत्या. "चला, अकरा वाजले," म्हणाल्या. त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि कठड्याशी जाऊन उभा राहिला.

पहिली वीस-पंचवीस नावं ठीक गेली. माणसं आली, बसली, पाणी प्याली, सह्या करून गेली. त्यानंतरच्या एका नावाला जिन्याने ओ दिली. झाडणारी बाई लांबूनच कानांवर हात ठेवून आत निघून गेली. बाईंनी लाल पेन उचललं.

तेवढ्यात वीज गेली.

पंखे थांबले, दिवे गेले, आणि तळातली मोटर दोन-तीन आचके देऊन बंद पडली. इतक्या वर्षांत पडताळणी चालू असताना प्रथमच त्या इमारतीत शांतता झाली. ती इतकी होती की बाईंच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. जिन्याची पोकळी एखाद्या तोंडासारखी उघडी पडली. भरदिवसा, दीड वाजता, वरच्या एका झरोक्यातून येणारा उजेड जेमतेम दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचत होता. त्याखाली काही नव्हतं.

"पुकारा पुढचं," बाई हळूच म्हणाल्या. त्यांनाही आवाज चढवावासा वाटेना.

त्याने पुढचं नाव घेतलं. एकच हाक मारली. आणि तळातून स्वच्छ, अगदी शेजारच्या खोलीतून यावं तसं आलं, "ओ! आहे!"

म्हातारा आवाज होता. दोघांनी जिन्याकडे पाहिलं. कुणाची पावलं वाजली नाहीत. एक मिनिट, दोन मिनिटं. कुणी आलं नाही. त्याने त्याच्या पुढचं नाव घेतलं. "ओ!" कुणा बाईचा आवाज. पावलं नाहीत. त्याच्या पुढचं. "ओ! इथे आहे!" पावलं नाहीत.

"पुरे," बाई म्हणाल्या. "आजचं पुरे. वीज आल्यावर बघू."

पण भोंगा कठड्याला धरून वाकला होता. खिशातला कागद छातीला टोचत होता. काय करतोय ते त्याला पुरतं कळत नव्हतं. कळलं असतं तर त्याने केलं नसतं. यादीत नसलेलं नाव त्याने पुकारलं. ताईचं, पूर्ण, नवऱ्याच्या नावा-आडनावासकट. एकदाच.

खाली काहीच झालं नाही. मग कुणीतरी खोकललं. मग एक आवाज आला. थकलेला, थोडा बसलेला, पण ज्याने त्याला लहानपणी हजार वेळा जेवायला बोलावलं होतं तोच.

"आहे रे. किती वेळा सांगू?"

तो उतरला. छप्पन्न वर्षांचा माणूस दोन-दोन पायऱ्या टाकत, भिंत चाचपत उतरला. दुसऱ्या मजल्याखाली अंधार होता आणि खाली अनेक जण श्वास घेत असल्याचं त्याला ऐकू येत होतं. तळाशी साखळी हाताला लागली. साखळीपलीकडे लांबट बोळात, भिंतीला लावलेल्या बाकांवर माणसं बसली होती. काही चाकाच्या खुर्च्यांत, काही चाकं लावलेल्या फळीवर, एक जण मुलाच्या पाठीवरून नुकताच उतरवलेला. सगळ्यांची तोंडं जिन्याकडे. त्यातले कितीतरी चेहरे त्याने ओळखले. पूर्वी खुर्चीसकट वर यायचे ते. ज्यांची नावं त्याने स्वतः पुकारून, बाईंनी स्वतः कापून, वर्षं झाली होती ते.

एवढी मेलेली माणसं एका जागी बसून त्याच्याकडे बघत होती.

रखवालदार लगबगीने उठला. त्याला वाटलं, वरून शाबासकी आली. सांगू लागला की अहो, मी एकालाही चुकू देत नाही. ज्यांना चढता येत नाही त्यांना म्हणतो, नाव आलं की मोठ्याने ओ द्या, वर लिहून घेतात. हे बहिरे आजोबा आहेत ना, त्यांचा मी स्वतः खांदा हलवतो. ज्यांची नावं हल्ली येत नाहीत त्यांनाही सांगतो, येऊन बसा, कधीतरी घेतील. इतकी वर्षं असंच चालवलंय, कुणाची तक्रार नाही.

भोंग्याने त्याला काय सांगायचं? वर सगळे म्हणत होते, खाली सोय आहे. खाली हा भला माणूस म्हणत होता, वर लिहून घेतात. मधे ती मोटर. दोघांच्या भलेपणातून ही एवढी माणसं मेली होती. त्याने फक्त विचारलं, "वर एकदा येऊन विचारलं का नाहीस?" रखवालदार गोंधळला. साखळी सोडून वर कसं येणार, म्हणाला.

ताई बाकाच्या टोकाला होती, चाकाच्या खुर्चीत, भाची मागे उभी. ताई खूप वाळली होती. त्याने पाहिलं, तिनेही पाहिलं. पण त्याला तिच्याकडे जायचं धैर्य झालं नाही. तो वळला आणि पुन्हा वर चढला.

बाई टेबल धरूनच बसल्या होत्या. त्याने एका दमात सांगितलं. बाईंनी रजिस्टर उघडून एक पान उलटलं, दुसरं उलटलं, तिसरं. प्रत्येक पानावर लाल रेघा होत्या. "हे सगळे?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, सगळे नसतील, बरेच आहेत. बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. पण कारकुनाचा जीव, रडतानाही नियम सुटेना. नियमात टेबलासमोर म्हटलंय हो, म्हणाल्या, माणूस टेबलासमोर हजर पाहिजे, मी अशी कशी लिहू?

"टेबल कुठे पाहिजे ते म्हटलंय का?" भोंग्याने विचारलं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून खिडकीत ठेवला आणि एक बाजू स्वतः धरली. साहेब आत होते, त्यांना विचारायला कुणी गेलं नाही. ते जड लाकडी टेबल दोघांनी तिसऱ्या मजल्यावरून वळणावळणाने, कठड्याला खरचटत, दोनदा टेकवत खाली आणलं. वाटेत झाडणारी बाई आली, तिने मधे हात लावला. बोळात टेबल मांडलं, बाईंनी सगळी रजिस्टरं त्यावर ठेवली आणि रेघ मारलेलं पहिलं पान उघडलं. रखवालदाराने साखळी काढून खिशात घातली. का घातली, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग भोंग्याने मेलेल्यांची नावं पुकारली. काहींना ओ आली, त्यांची रेघ खोडून बाईंनी शेजारी निळ्या शाईने हजर लिहिलं. काहींना आली नाही. तीन हाका मारून तो थांबायचा आणि बोळातलं कुणीतरी हळूच सांगायचं, ते गेले हो, मागच्या थंडीत. गेल्या वर्षीपर्यंत यायचे. बाई त्या नावावर पेन टेकवून नुसत्या बसायच्या.

पाचवं की सहावं नाव ताईचं होतं. त्याने पुकारलं.

"आहे," ताई म्हणाली. भाचीने खुर्ची टेबलासमोर आणली. ताईने सही केली, नेहमीसारखी दाबून, खालच्या पानावर उमटेल अशी. मग त्याच्याकडे वळली.

"मला वाटायचं, तू ऐकतोयस आणि रागाने उतरत नाहीयेस."

"मला वाटलं, तू गेलीस."

"कुणी सांगितलं?"

त्याने रजिस्टराकडे बोट दाखवलं. ताईने तिकडे पाहिलंही नाही.

"म्हणजे वर्षभर तुला वाटत होतं मी मेले."

"हो."

"आणि घरी आला नाहीस."

तो बोलायला लागला. भाचीने कळवलं नाही, मला वाटलं अपमान होईल, दवाखान्यात मी जे बोललो ते, असं काहीबाही. एक वाक्य पुरं होईना. ताई ते सगळं शांतपणे ऐकत होती, लहानपणी तो खोटं बोलायचा तेव्हा ऐकायची तशीच. तो थांबल्यावर ती म्हणाली, "माझ्यापुढे जिना होता रे. तुझ्यापुढे काय होतं?"

तिने भाचीच्या हातावर हात ठेवला आणि भाचीने खुर्ची दाराकडे वळवली. त्याने तिच्यामागे जायला एक पाऊल टाकलं. टेबलाशी बाईंनी पुढचं पान उघडलं होतं आणि बाकांवर अजून नऊ माणसं जिवंत व्हायची थांबली होती.